बाबूराव अर्नाळकर आणि शेवटचे पान

अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर नांदगाव पेठ हे गाव लागते. आज ह्या गावाचे नाव निघाले म्हणजे ऐकणाऱ्यास तेथील औद्योगिक वसाहत आणि कापडाचे कारखाने आठवतात. आमच्या मनात मात्र गेल्या उन्हाळ्यापासून त्या नावाबरोबर एक लाकडी पेटी उभी राहते. तेथील आमचे एक स्नेही आपले वडिलोपार्जित घर उतरवीत होते. माळ्यावरून तांब्या-पितळेची भांडी, पाळण्याच्या साखळ्या, कपाशीच्या हिशेबाच्या वह्या असे एकेक खाली येत असता ही पेटी आली. वर 'हरिविजय' आणि 'शिवलीलामृत' ह्यांच्या पोथ्या होत्या. त्या उचलल्या, तो खाली बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची एकेचाळीस पुस्तके निघाली. अंगणात रद्दीवाला तराजू घेऊन उभाच होता. स्नेही आमच्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही मासिकांतून पुस्तकांवर लिहिता. तेव्हा तुम्हीच सांगा, हे ठेवण्याजोगे आहे, की देऊन टाकावे?"

इतक्या सरळ प्रश्नाचे सरळ उत्तर आम्हांस देता आले नाही. इतकी वर्षे पुस्तकांचा बरेवाईटपणा ठरवीत आलो; परंतु ज्या लेखकाने हजारावर पुस्तके लिहिली आणि ज्याला मराठी वाचकांच्या दोन-तीन पिढ्यांनी अधाशासारखे वाचले, त्याच्याविषयी आमच्यापाशी मत म्हणून काही नव्हतेच. होती ती एक सवयीची तुच्छता आणि तिच्याखाली दडलेली बालपणाची एक गोड आठवण. ह्या दोहोंपैकी एकीलाही टीका म्हणता येणार नाही. आम्ही रद्दीवाल्याकडून आठ दिवसांची मुदत मागून घेतली आणि पेटी घेऊन बसलो. हा लेख त्या आठ दिवसांच्या वाचनाचे फळ आहे.

अर्नाळकरांचे खरे नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. वसईजवळील समुद्रकाठच्या अर्नाळ्याचे नाव त्यांनी लेखनासाठी घेतले आणि पुढे तेच त्यांचे नाव झाले. गेल्या शतकाच्या चौथ्या दशकात सुरू झालेले त्यांचे लेखन नवव्या दशकापर्यंत चालले. १९९६ साली ते निवर्तले. त्यांच्या रहस्यकथांची संख्या हजाराच्या वर जाते आणि ह्या संख्येमुळे गिनेसच्या विक्रमग्रंथात त्यांची नोंद झाली. वाचकांनी क्षणभर हा हिशेब मांडून पाहावा. पन्नास वर्षांत हजार पुस्तके म्हणजे वर्षाला वीस, म्हणजे सुमारे अठरा दिवसांस एक पुस्तक. आमच्याकडील एखाद्या प्रतिष्ठित कादंबरीकारास आपल्या नायिकेच्या मनातील द्वंद्व सोडविण्यास जितका काळ लागतो, तितक्यात अर्नाळकर पाचपन्नास बदमाशांचा बंदोबस्त करून मोकळे होत.

हा आकडा मात्र त्यांना वैरी ठरला. अर्नाळकरांचा गौरव करावयास उठलेला मनुष्य आकडा सांगतो आणि खाली बसतो. त्यांची निंदा करावयाची असली, तरी तोच आकडा पुढे केला जातो: इतके लिहिणारा चांगले कसे लिहील? आकड्याच्या जोडीला दुसरे एक वाक्य ठरलेले असते, ते असे की, अर्नाळकरांनी मराठी माणसाला वाचावयास शिकविले. हिंदीत देवकीनंदन खत्री ह्यांच्या १८८८ च्या 'चंद्रकांता'विषयी असेच म्हणतात की, ती वाचण्यासाठी लोक नागरी लिपी शिकले. विधान खोटे नाही. परंतु आमच्या मते ती स्तुतीच्या वेषातील अवहेलना आहे. पायरीवर पाय देऊन माडीवर गेलेला मनुष्य पायरीचे आभार मानतो, इतकाच तिचा अर्थ. पायरी कोणत्या दगडाची, ती कोणी व कशी घडविली, हे पाहण्याची तसदी तो घेत नाही.

आम्हांस ही तसदी घ्यावी लागली, ती एका अपघातामुळे. पेटीतील पुस्तके अनेक हातांतून गेलेली होती. काहींवर फिरत्या वाचनालयांचे पुसट शिक्के, काहींना घरच्या गव्हाच्या खळीने चिकटविलेल्या पाठी. एका पुस्तकाच्या पहिल्याच पानावर कोणा दुष्टाने पेन्सिलीने गुन्हेगाराचे नाव लिहून ठेवले होते. आणि एकेचाळीसांपैकी सातांचे शेवटचे पान नाहीसे झाले होते. रहस्यकथेचे शेवटचे पान नाही, ह्याहून मोठी आपत्ती वाचकावर ती कोणती यावयाची? इंग्रजीतील कोनन डॉयल किंवा अगाथा ख्रिस्ती ह्यांच्या कथेचे शेवटचे पान फाडा. सारे पुस्तक निष्प्राण होईल, कारण तेथे प्रत्येक पानाची नजर त्या पानाकडे लागलेली असते. परंतु अर्नाळकरांची ती सात पुस्तके आम्ही वाचून खाली ठेविली, तेव्हा फारशी हळहळ वाटली नाही, हे पाहून आम्हीच चकित झालो. पेन्सिलीने रहस्य फोडलेले पुस्तकही आम्ही तितक्याच चवीने संपविले.

हे असे का व्हावे? उत्तर शोधू लागलो तेव्हा आमच्या ध्यानात आले की, ज्यांना आपण आजवर रहस्यकथा म्हणत आलो, त्यांत रहस्य हे गौण आहे. खून कोणी केला, हे जाणण्यासाठी वाचक ती पुस्तके हाती घेत नव्हता. तो झुंजारला भेटावयास येत होता. गळ्याशी फास येत असताही ज्याच्या ओठांवरचे हसू मावळत नाही असा झुंजार. त्याच्या साहसांत बरोबरीने उतरणारी विजया. काळा पोषाख आणि काळा बुरखा घालून रात्री बाहेर पडणारा काळापहाड. गुप्तहेर धनंजय आणि त्याचा साहाय्यक छोटू, ही मंडळी पुन्हा एकदा दिसावीत, ती ठरल्याप्रमाणे वागावीत, आणि आपण ज्यांच्यापुढे रोज मान लववितो त्या सावकारांच्या व गुंडांच्या नाकावर त्यांनी टिच्चून यावे, एवढीच त्या वाचकाची अपेक्षा. कीर्तनाला जाणाऱ्यास रावणाचे पुढे काय होणार हे ठाऊक नसते काय? तरीही तो मध्यरात्रीपर्यंत बसतो. अर्नाळकरांच्या वाचकाचे नाते ह्या जातीचे होते. पेटीत ती पुस्तके पोथ्यांच्या खाली ठेविलेली होती, त्यात घरच्या माणसांची लाज होती हे खरे. परंतु ठेवणाऱ्या हाताने नकळत एक नातेही सांगून ठेविले होते.

हे एकदा मान्य केले म्हणजे त्यांच्यावरील सर्वांत जुन्या आरोपाचाही निराळा विचार करता येतो. आरोप असा की, त्यांचे सारे उसने आहे. ते बऱ्याच अंशी खरे आहे. लेस्ली चार्टेरिसचा 'सेंट' १९२८ साली अवतरला. कायद्याच्या बाहेर राहून दुष्टांना लुटणारा तो हसरा साहसी आणि आपला झुंजार ह्यांची चेहरेपट्टी जुळते. ब्रूस ग्रीमचा 'ब्लॅकशर्ट' त्याच्याही आधीचा. त्याच्या शेजारी काळापहाड उभा करून पाहावा. धनंजय-छोटूंच्या मागे तर बेकर स्ट्रीटवरील ती जगप्रसिद्ध जोडी स्पष्टच दिसते. परंतु उसनवारी हाच दोष मानावयाचा, तर मराठीतील किती दालने बंद करावी लागतील? आगरकरांनी 'हॅम्लेट'वरून 'विकारविलसित' लिहिले. देवलांनी 'ऑथेल्लो' मराठीत आणला आणि त्या मूर सेनापतीस झुंझारराव हे नाव दिले. त्यांचे 'संशयकल्लोळ' मूळचे मोलिएरच्या घरचे. गो. ना. दातारशास्त्र्यांनी रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्यांना मराठी वेष चढविला आणि त्या वेषात त्या आमच्या आजोबांनी डोक्यावर घेतल्या. मराठी गद्याने आपला संसार बराचसा रूपांतराच्याच भांड्यांवर मांडलेला आहे. प्रश्न उरतो तो इतकाच की, आणलेले बीज आमच्या मातीत रुजले की नाही.

ह्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस त्या घरातील वृद्ध आत्याबाईंकडून मिळाले. आम्ही पुस्तके चाळीत बसलेले पाहून त्या जवळ आल्या आणि म्हणाल्या, "अमरावतीच्या पलीकडं गेलो होतो का कधी आमी? मुंबई पाह्यली तं थ्या पुस्तकातच पाह्यली." ह्या एका वाक्यात जे आहे, ते आम्हांस पानभर लिहूनही सांगता येणार नाही. वऱ्हाडातील कपाशीच्या गावी, चुलीपुढील उजेडात एक मुलगी पुस्तक उघडते. आणि तिच्यासाठी मोटारी धावू लागतात, टेलिफोन वाजतात, बंदरावर अंधारात होड्या लागतात, श्रीमंतांच्या बंगल्यांतील तिजोऱ्या उघडतात. फडके-खांडेकरांच्या कादंबऱ्या त्याच काळात त्या घराच्या दिवाणखान्यात येत असतील. त्यांतील नायक-नायिकांची सुखदुःखे शिकलेल्या माणसांची होती आणि त्यांचे बोलणेही तसेच होते. अर्नाळकरांचे वाक्य आखूड, चालते, कोणाही साक्षराच्या आवाक्यातले. प्रकरण संपावे ते ऐन संकटावर. संवाद असे की वाचणाऱ्याने ते दुसऱ्यास मोठ्याने वाचून दाखवावेत. ही भाषा सोपी आहे म्हणून ती सहज साधते, असे ज्यांना वाटते त्यांनी तिची दहा पाने लिहून पाहावीत.

आता आम्ही ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहावयास बसलो, त्याकडे वळतो. झुंजार आणि काळापहाड ह्यांचे खरे गोत कोणते? आमच्या मते ते गुप्तहेरांच्या कुळातले नसून मुखवटा घालणाऱ्या वीरांच्या कुळातले आहेत. हे कूळ फार जुने नव्हे. १९०५ साली बॅरोनेस ऑर्क्झीचा 'स्कार्लेट पिंपर्नेल' कादंबरीरूपाने आला. १९१९ साली जॉन्स्टन मॅककुलीचा 'झोरो' आला. दिवसा बावळट किंवा ऐषारामी श्रीमंत आणि रात्री दीनांचा कैवारी, ही युक्ती त्यांनी रूढ केली. पुढे अमेरिकेत ह्या युक्तीस चित्रांची जोड मिळाली. ली फॉकचा 'फँटम' १९३६ सालचा, 'बॅटमॅन' १९३९ सालचा. आमचे अर्नाळकर नेमके ह्याच सुमारास लिहिते झाले. तेव्हा काळापहाड हा बॅटमॅनचा वऱ्हाडापर्यंत येऊन पोचलेला भाऊबंद आहे असे आम्ही म्हटले, तर वाचकांनी हसू नये. फरक इतकाच की, त्या भावाला चित्रकार मिळाला आणि ह्याला मिळाला नाही.

मिळाला नाही हे म्हणणेही पूर्ण खरे नाही. पेटीतील पुस्तकांचा कागद पिवळा पडून तुकडे होऊ लागला होता. पण काही मुखपृष्ठांवरील रंग अजून टवटवीत होते. गोव्याकडील अस्नोड्याचे रघुवीर मुळगावकर (१९१८-१९७६) ह्यांनी अर्नाळकरांच्या नायकांना रूप दिले. ज्या कुंचल्याने घराघरांतील दिनदर्शिकांवर लक्ष्मी-सरस्वती उतरविल्या, त्याच कुंचल्याने झुंजारचा चेहरा रेखाटला. वाचक ते चित्र आधी मनात भरून घेत असे आणि मग पुढच्या शंभर पानांत ते चित्र त्याच्या डोळ्यांपुढे आपोआप चालू-बोलू लागे. अर्नाळकरांनी चित्रकथाच लिहिल्या. केवळ एक चित्र छापले गेले आणि बाकीची वाचकाने मनात काढून घ्यावीत अशी व्यवस्था झाली. निसर्गवर्णन नाही, मनाचे पृथक्करण नाही, प्रसंगामागून प्रसंग आणि प्रत्येक पात्रास ओळखण्याची एक ठळक खूण, ही सारी चित्रकथेची लक्षणे आहेत. कादंबरीच्या मापाने मोजल्यास त्यांना उणीव म्हणावे लागते. त्यांच्या स्वतःच्या मापाने मोजल्यास तो गुण ठरतो.

आणि येथेच आम्हांस आमच्या वाङ्मयव्यवहाराविषयी खेद वाटतो. १९६४ साली मुंबईहून 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू झाले आणि फॉकचा फँटम वेताळ होऊन आमच्या मुलांच्या हाती आला. १९६७ पासून अनंत पै ह्यांच्या संपादनाखाली 'अमर चित्र कथा' निघू लागली. तिच्यातील कितीतरी देवदेवता आणि राजेरजवाडे राम वाईरकर, प्रताप मुळीक अशा महाराष्ट्रातील चित्रकारांनी काढले. पुढे ह्याच मुळीकांच्या हातून हिंदीतील 'नागराज' आकारास आला. म्हणजे चित्रकार आमच्याकडे होते, वाचक होते, आणि तयार, लोकप्रिय, मुखवट्यासह सिद्ध असलेले नायकही होते. अर्नाळकर तोवर लिहीत होते. परंतु मराठी झुंजार आणि मराठी कुंचला ह्यांची गाठ मुखपृष्ठाच्या आत पडून त्यातून एखादी जोमदार परंपरा उभी राहिली, असे झाले नाही. आमच्या मुलांनी जंगलातल्या वेताळाला आपला मानले आणि गिरगावच्या काळापहाडाला विसरली. ज्या वस्तूची आपण स्वतःच लाज बाळगतो, तिच्यावर भांडवल कोण लावणार? पोथ्यांखाली लपविलेल्या पुस्तकांचा वंश वाढत नाही.

एवढे म्हटल्यावर दोष सांगावयाचे टाळले, तर आमच्या निवाड्यास किंमत राहणार नाही. अर्नाळकरांचा पहिला दोष मुळाचे नाव न सांगण्याचा. देवल-आगरकरांच्या रूपांतरांचे मूळ वाचकांस ठाऊक होते. अर्नाळकरांच्या साध्या वाचकास मात्र आपण कोणाच्या विहिरीचे पाणी पीत आहोत, हे कळावयास मार्ग नव्हता. दुसरा दोष अधिक खोल आहे. त्यांच्या नायकांना काळ स्पर्श करीत नाही. त्या पन्नास वर्षांत महायुद्ध झाले, स्वराज्य आले, १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले, गिरण्यांचा संप झाला, मुंबई उलटीपालटी झाली. झुंजार होता तसाच राहिला. शरदिंदू बंद्योपाध्यायांनी बंगालीत १९३२ पासून ब्योमकेशाच्या कथा लिहिल्या. त्या मानाने थोड्या. परंतु ब्योमकेश लग्न करतो, त्याचे वय वाढते, कलकत्त्याचे दंगेही त्याच्या दाराशी येतात. म्हणून बंगाली टीकाकार त्यास आपल्या वाङ्मयात मानाची जागा देतात आणि सत्यजित राय ह्यांच्यासारखा कलावंत १९६५ साली त्याच वाटेवर आपला फेलूदा आणून उभा करतो. अठरा दिवसांस एक पुस्तक लिहिणाऱ्यास आपल्या नायकाबरोबर म्हातारे होण्यास उसंत कोठून मिळणार? येथे आकडा खरोखरीच आड आला, हे कबूल केले पाहिजे.

तिसरा दोष पुनर्वाचनाचा. एकेचाळीस पुस्तके सलग वाचल्यावर त्यांतील प्रसंग आमच्या मनात एकमेकांत मिसळून गेले. नायक तेवढे वेगळे राहिले. ह्याउलट नारायण धारप (१९२५-२००८) ह्यांच्या भयकथेतील एखादे ओसाड घर वर्षानुवर्षे मनातून जात नाही. सुहास शिरवळकर (१९४८-२००३) रहस्यकथांच्या जोडीने 'दुनियादारी' लिहून गेले आणि तिच्यातील मुले आजही वाचकांस आपली वाटतात. ह्या दोघांस वाचक मिळाला, तो अर्नाळकरांनी बैठक घालून ठेविली होती म्हणून. परंतु त्या बैठकीवर बसून त्यांनी जे मागितले, ते अर्नाळकरांनी वाचकाकडे कधी मागितले नव्हते. वाचकास आनंद देणारा लेखक मोठा खरा. त्याच्याकडून काही मागून घेणारा त्याहून मोठा.

मग निवाडा काय? आमच्या मते अर्नाळकर हे थोर कादंबरीकार नव्हेत, आणि तसे त्यांस म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. ते नायक घडविणारे होते. मराठीत लेखकाच्या नावावाचूनही लोकांच्या तोंडी राहिलेली पात्रे मोजावयास बसलो, तर बोटे पुरतात. त्यांत झुंजार आणि काळापहाड आहेत. हजार पुस्तकांतून दोन-तीन अशी नावे उरली, हा सौदा तोट्याचा नाही. पुष्कळ मान्यवरांच्या नावावर तेवढीही जमा नसते. मात्र ती नावे केवळ आठवणीत ठेवून भागणार नाही. पुस्तकेच नाहीशी झाली, तर उद्याचा टीकाकार आमच्याप्रमाणेच तुच्छता आणि आठवण ह्यांच्यामध्ये अडकून पडेल. त्याच्यासमोर वाचावयास काही उरणार नाही. ती स्वस्त कागदावर छापली गेली, वाचून वाचून फाटली, आणि फाटली म्हणून रद्दीत गेली. ज्या पुस्तकावर लोकांनी सर्वांत अधिक प्रेम करावे तेच सर्वांत आधी नष्ट व्हावे, असा हा उलटा न्याय आहे. आमच्या ग्रंथालयांनी निदान प्रत्येक नायकाची काही पुस्तके, मुळगावकरांच्या मुखपृष्ठांसह, जतन करून ठेवावीत, एवढी मागणी आम्ही येथे करतो.

असो. आठव्या दिवशी आम्ही पेटी घेऊन पुन्हा नांदगाव पेठेस गेलो. स्नेह्यांस म्हणालो, "ठेवा." ते हसून म्हणाले, "ती शेवटचे पान नसलेलीसुद्धा?" आम्ही उत्तर देण्याआधीच आत्याबाई पुढे झाल्या. त्यांनी त्या सातांपैकी एक पुस्तक उचलले, मुखपृष्ठावरील झुंजारकडे क्षणभर पाहिले, आणि फाटलेल्या पानावर जे काही असावयाचे ते आम्हां सर्वांस तोंडपाठ सांगून टाकले. ते खरे होते की त्यांनी स्वतःच्या मनचे जुळविले, हे पडताळून पाहण्यास दुसरी प्रत आमच्यापाशी नव्हती. रद्दीवाल्याने तराजू खांद्यावर टाकला आणि तो हिशेबाच्या वह्या तेवढ्या घेऊन गेला.